कार्डिफमधली पाणपोई

कार्डिफमध्ये पाणपोई घालणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. त्या शहरात वर्षातले बरेच दिवस पाणी वरूनच पडत असतं आणि उरलेले दिवस ते पडायच्या तयारीत असतं. अशा गावात बागेच्या फाटकाशी एक फोल्डिंग टेबल, त्यावर ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठ, शेजारी स्टीलचे पेले आणि मागे साडीवर रेनकोट चढवून बसलेली सत्तरी ओलांडलेली बाई. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, कसलंतरी शूटिंग चालू आहे. दुसऱ्यांदा तो रस्त्याच्या पलीकडून जायचा. तिसऱ्यांदा बहुतेक पाणी प्यायचा.

मी त्यांची भाडेकरू होते. कंपनीने पुण्याहून कार्डिफला पाठवलं तेव्हा तिथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, ‘डॉक्टरबाईंची वरची खोली रिकामी आहे, पण आधी त्यांना भेटून घ्या.’ या ‘पण’चा अर्थ मला भेटल्यावर कळला.

“पितेस?” त्यांनी दारातच विचारलं.

“नको, आत्ताच चहा झाला.”

“चहाचं नाही विचारून राहिली.”

“कधीतरी,” मी म्हणाले. “वाइन. ऑफिसचं काही असलं तरच.”

“ऑफिसचं कधी असतं?”

“शुक्रवारी.”

“म्हणजे दर शुक्रवारी.”

आयुष्यभर लोकांना आजाराची हिस्टरी विचारलेल्या बाईसमोर आपण उभे आहोत, हे तोवर माझ्या लक्षात आलं होतं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, डोळ्यांच्या खालच्या पापण्या मनातल्या मनात ओढून तपासल्या असाव्यात, आणि म्हणाल्या, “घरात बाटली यायची नाही. बाहेर काय करशील ते तुझं आणि तुझ्या लिव्हरचं. किल्ली ही घे.”

हॉलमध्ये भिंतीवर फोटोंची रांग होती. चंदनाचा हार घातलेले त्यांचे यजमान, मग सासू-सासरे, आणि त्यांच्या शेजारी, त्या सगळ्यांपेक्षा मोठ्या फ्रेममध्ये, एका दगडी कारंज्याभोवती उभ्या असलेल्या बॉनेट टोप्या घातलेल्या बायकांचा तपकिरी फोटो.

“या कोण?” मी विचारलं.

“आपल्या बायका.”

त्यानंतर कितीतरी दिवस मी असं समजत होते की व्हिक्टोरिया राणीच्या काळात काही मराठी बायका वेल्समध्ये येऊन राहिल्या होत्या. फोटो जवळून पाहिला तेव्हा नाकांवरून शंका आली.

त्या होत्या दारूबंदीच्या चळवळीतल्या बायका. गोदीतल्या मजुरांचे पगार गोदीपासून घरापर्यंत पोचत नसत, कारण वाटेत पब होते. कोणी दुकानदाराची बायको, कोणी शाळेतली बाई, कोणी चॅपलमध्ये बाजा वाजवणारी. त्या एकत्र आल्या आणि पबच्या दारात उभ्या राहायला लागल्या. लोक हसायचे, पोरं अंडी मारायची, पबवाले वरच्या मजल्यावरून बादल्या ओतायचे. घराबाहेर चार माणसांसमोर कधी तोंड न उघडलेल्या या बायका त्यात भाषण करायला शिकल्या, हिशेब ठेवायला शिकल्या, आणि पुढे त्यांच्यातल्या काहींनी मतदानाचा हक्कही मागितला. डॉक्टरबाई हे सगळं अशा थाटात सांगायच्या की जणू कालच्याच मीटिंगला त्या स्वतः हजर होत्या आणि चहा त्यांनीच केला होता.

“त्या काळी तहान लागली तं गरीब माणसानं काय प्यावं?” त्या म्हणायच्या. “पाणी घाण. चहा घरी. बिअर कोपऱ्यावर. नुसतं ‘पिऊ नका’ म्हणून काय होते? मग आपल्या बायकांनी वर्गणी काढून कारंजं बांधलं. तोटी लावली, साखळीला कप लावला. हे आपल्याकडं कोणालाही समजते, इथल्या लोकांना समजावून सांगावं लागते.”

फोटो त्यांनी चॅपलच्या जुन्या सामानाच्या सेलमधून आणलेला. मागे एकही नाव नव्हतं. एवढ्या बायका बिननावाच्या भिंतीवर लटकवणं त्यांना बरं वाटेना, म्हणून त्यांनी स्वतःच नावं ठेवली. मधली जाडगेली कमल, “नवरा कापडवाला असणार, बाह्या पाहा.” तिच्या शेजारची सिंधू, “हिला उभंच राहायचं नव्हतं, जावेनं आणलं.” संक्रांतीला त्या फोटोसमोर तिळगूळ ठेवायच्या. हळदीकुंकू मात्र फ्रेमच्या लाकडाला लावायच्या, काचेला नाही. बायका ख्रिश्चन होत्या आणि त्यांना विचारलेलं नव्हतं.

भक्ती होती, पण आंधळी नव्हती. “आपल्या बायका एका ठिकाणी चुकल्या,” त्या म्हणायच्या. “गाणी फार म्हटली. प्यायलेल्या माणसाला गाणं ऐकवू नये. तो पण म्हणायला लागते.”

दुसरी चूक सह्यांची. सभेत गाणी व्हायची, भाषणं व्हायची, लोक रडायचे आणि दारू सोडल्याच्या शपथेवर सही करायचे. “संध्याकाळी सही करायला काय लागते? चारचौघांत कोणीही करेल. दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटा असते, हात थरथरून राहतात, तेव्हा कोण आहे तिथं? ज्या हुशार होत्या त्यांनी गल्ल्या वाटून घेतल्या. रोज सकाळी एकेका घरी जाऊन बसायच्या. त्या फोटोत नसतील. त्या कामावर असतील.”

बाईंचा हा नाद आला कुठून, याचा शोध मंडळातल्या बायकांनी फार दिवस घेतला. पहिला संशय अर्थातच यजमानांवर. पण ते कान-नाक-घशाचे सर्जन, अमरावतीचे, आणि त्यांनी आयुष्यात खोकल्याचं औषधसुद्धा लेबल वाचून, तोंड वाकडं करून घेतलेलं. मग वडील?

“तंबाखू,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “ती चळवळ वेगळी.”

मंडळातल्या बायकांची निराशा झाली. मी विचारलं तेव्हा त्यांनी मला खरं कारण सांगितलं, पण ते इतकं साधं होतं की मी कोणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. नागपूरहून त्या इथल्या हॉस्पिटलात आल्या तेव्हा त्यांना हृदयरोगात जायचं होतं. “आम्हाला म्हातारे दिले,” त्या म्हणायच्या. “हृदय त्यांनी आपल्याकडं ठेवलं.” त्या म्हाताऱ्यांच्या वॉर्डात एक खूप वयाची बाई होती. तिची आई चळवळीतली. लहानपणी ती आईचं बोट धरून त्या कारंज्यावर जायची. आता तिला काल आपण काय जेवलो ते आठवत नव्हतं, पण राउंडला गेलं की रोज विचारायची, “येतं का हो अजून पाणी?” डॉक्टरबाईंनी कारंजं पाहिलेलंही नव्हतं. त्या रोज सांगायच्या, “येतं ना. स्वच्छ येतं.” जाताना तिने आईची पांढरी फीत त्यांना दिली. चळवळीतल्या बायका ती छातीला लावायच्या.

रिटायर झाल्यावर त्या एकदा कारंजं बघायला गेल्या. बागेच्या फाटकाशीच ते उभं होतं, कोरडं ठाक. वर कबुतरं, पुढ्यात कौन्सिलची कचऱ्याची पेटी.

“मी पेशंटला खोटं सांगितलं,” त्या म्हणाल्या. “आता ते खरं करणं भाग आहे.”

कौन्सिलचं म्हणणं, आतला पाइप शिशाचा आहे, वास्तू जुनी आहे, सल्लामसलत करावी लागेल. सल्लामसलत सुरू झाली. माझ्या माहितीप्रमाणे ती अजून चालू आहे. “आमच्या नागपुरात नळ नसला तं माठ ठेवतात,” असं म्हणून डॉक्टरबाई गावी गेल्या आणि येताना मांडीवर माठ घेऊन विमानातून आल्या. कस्टमवाल्याने आत काय आहे विचारलं. “अजून काही नाही,” त्या म्हणाल्या.

शनिवारी दुपारी, आणि रग्बीची मॅच असली तर सकाळपासून, पाणपोई असायची. मॅचच्या दिवशी तो रस्ता स्टेडियमकडे वाहत असतो. लाल जर्सी, डोक्यावर डॅफोडिलच्या पिवळ्या फुलाच्या आकाराच्या टोप्या, हातात प्लॅस्टिकचे ग्लास. मी टेबल उचलायला म्हणून गेले आणि हळूहळू पेले विसळायला लागले. एक डॅफोडिल थांबला. “यात काय आहे?” त्याने विचारलं.

“पाणी,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

“आणि?”

“आणि काही नाही.”

तो पेला हातात धरून बराच वेळ विचार करत उभा राहिला. मग प्यायला, आणि मित्रांना बोलावून आणलं. एवढंच. त्या कोणाला पिऊ नका म्हणाल्या नाहीत. पोटात जागा किती असते, ती पाण्याने आधी भरली तर दुसऱ्याला कमी उरते, असा त्यांचा वैद्यकीय सिद्धांत होता.

कोणीतरी तक्रार केली म्हणून कौन्सिलचा एक तरुण माणूस आला. विक्रीचा परवाना? विकत नाही. धर्मादाय संस्था? नाही. धार्मिक काही? “पाणी,” डॉक्टरबाई म्हणाल्या. राजकीय? “पाणी.” त्याने आपल्या टॅबलेटवर बरंच शोधलं, त्यात पाणपोईचा रकाना सापडेना. दोन पेले पाणी पिऊन तो गेला.

कारंज्यासमोरच एक पब होता. मालक ह्यू, पन्नाशीचा, रुंद, बोलायला मऊ. पाणपोईच्या पहिल्या दिवशी तो हाताची घडी घालून दारात उभा होता. माठ संपला, आणि आमचं घर चढावर. डॉक्टरबाई सरळ रस्ता ओलांडून गेल्या आणि म्हणाल्या, “तुमच्या नळाचं पाणी पाहिजे.” ह्यूने त्यांच्या छातीवरची पांढरी फीत पाहिली. ती कशाची ते त्याला ठाऊक होतं, त्याची आजी लावायची. तरी तो आत गेला आणि बादली भरून स्वतः उचलून आणली.

“पूर्वी हे लोक बादली वरून ओतायचे,” डॉक्टरबाई मला म्हणाल्या. “हातात आणून देऊन राहिला. प्रगती आहे.”

तेव्हापासून पाणी पबचंच. टेबलही तिथेच ठेवायला लागलो. त्या त्याला ह्यूभाऊ म्हणायच्या. त्याला वाटायचं, आपल्या वेल्श नावाचा हा मराठी उच्चार असावा.

मंडळाशी मात्र त्यांचं जमत नव्हतं. दिवाळीच्या कार्यक्रमात हॉलच्या एका कोपऱ्यात बार असायचा. डॉक्टरबाईंनी एका वर्षी बारच्या शेजारी आपलं टेबल लावलं आणि वाळ्याचं पाणी ठेवलं. गर्दी त्यांच्याकडे झाली. बारवाल्याचं नुकसान झालं, आणि अध्यक्षांना पुढच्या वर्षी तो हॉल सवलतीत मिळेना. त्या पुढच्या वर्षी दिवाळीची तारीख डॉक्टरबाईंना कळवायची राहून गेली.

तेव्हा मंडळाचा त्यांच्यावर राग होताच. त्यामुळे एका हिवाळ्यात अध्यक्षांच्या मिसेसनी डॉक्टरबाईंना सकाळी अकराच्या सुमाराला पबच्या बाजूच्या दारातून बाहेर पडताना पाहिलं, तेव्हा ती बातमी त्यांनी स्वतःपुरती ठेवली नाही. दुसऱ्या आठवड्यात आणखी एकीने पाहिलं. तिसऱ्या वेळी अध्यक्ष स्वतः गाडी लावून बसले होते. पब बारा वाजता उघडतो. ही बाई त्याच्या आधी मागच्या दाराने जाते, रोज जाते, आणि येताना तोंडाला बडीशेपेचा वास येतो.

“घरी कशा असतात गं त्या?” मिसेस अध्यक्षांनी मला फोनवर विचारलं.

“नेहमीसारख्या.”

“तेच तर. कळत नाही.”

मला हसू आलं. फोन ठेवल्यावर मात्र आठवलं, गेले काही महिने त्या रोज सकाळी पिशवी घेऊन बाहेर पडतात आणि जेवायच्या वेळेला येतात. पूर्वी त्यांची सकाळ रेडिओ आणि भाजी निवडण्यात जायची. मी त्या दिवशी घरून काम करत होते. त्या आल्यावर विचारलं, “सकाळी कुठे जाता हो तुम्ही?”

“पत्ते खेळायला.”

“कोणाशी?”

“भिडूशी,” त्या म्हणाल्या आणि कुकर लावायला गेल्या.

लोक काय बोलतात हे त्यांना ठाऊक होतं. “थंडी आहे,” त्या म्हणाल्या. “लोकांना घरात बसून काहीतरी विषय लागतो.”

“पण तुम्ही सांगून टाका ना, की तुम्ही पीत नाही.”

“पिणारा काय सांगते?”

“की तो पीत नाही.”

“मग?”

त्या महिन्यात पाणपोईवर मराठी माणूस दिसेनासा झाला. देवळात त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहायला लागली. एकदा त्या परत आल्या आणि छातीची फीत काढून, इस्त्री करून, पुन्हा लावली.

मग अध्यक्षांनी ईलिंगला फोन केला. तिथे डॉक्टरबाईंचा मुलगा असतो, समीर. जन्म कार्डिफचा, नोकरी फायनान्समध्ये, वय चाळीसच्या पुढे, लग्न होऊन मोडलेलं. मराठी सगळं समजतं, बोलताना लिंगं इकडची तिकडे होतात. एका रविवारी सकाळी तो गाडी घेऊन आला. पाठोपाठ अध्यक्ष आणि मिसेस. मला वरून बोलावलं, कारण मी ‘घरातली’ होते.

डॉक्टरबाईंनी सगळ्यांसाठी पोहे केले होते. वर ओलं खोबरं, लिंबाच्या फोडी. आपली चौकशी होणार आहे म्हणून त्यांनी कशातच काही कमी केलं नव्हतं.

“आम्ही जज करायला आलो नाही आहोत,” अध्यक्ष म्हणाले.

“पोहे घ्या,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

“आई,” समीर म्हणाला, “तू रोज सकाळी पबमध्ये जातो?”

“जाते.”

“का?”

“ते सांगता येणार नाही.”

समीरने अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी डोळे मिटून मान हलवली. “लुक, आई,” समीर म्हणाला, “इट्स अॅन इलनेस. तूच मला शिकवला. लाज नाही वाटायचा.”

“रक्त तपासायचं असलं तं तपासा,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “उपाशीपोटी द्यायचं असलं तं मी पोहे खात नाही.”

मिसेस अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी आलं. “किती दिवसांपासून आहे हे?” त्यांनी विचारलं.

“पोहे? आत्ताच केले.”

ठरवून आल्याप्रमाणे समीरने पुढचं सांगितलं. आईने सामान बांधून ईलिंगला यायचं. तिथला डॉक्टर बघून ठेवला आहे. हे घर नंतर बघू. “पाणीचा ते टेबल पण बंद, आई. इट्स एम्बॅरसिंग. यू हँड आउट वॉटर अँड देन यू गो इन द बॅक डोअर.”

डॉक्टरबाईंनी हातातली बशी खाली ठेवली. मी त्यांना वाद घालताना पाहिलं होतं, कौन्सिलला गप्प बसवताना पाहिलं होतं. तेव्हा पहिल्यांदाच त्या मला वयाच्या दिसल्या.

“येईन,” त्या म्हणाल्या. “पण मार्चपर्यंत नाही येता येणार.”

“व्हाय मार्च?”

“ते सांगता येणार नाही.”

“आई, तुझी हे असं बोलणं...” समीरचा आवाज चढला, आणि तेवढ्यात बेल वाजली.

दार मी उघडलं. ह्यू उभा होता. गळ्यात टाय होता, पण रविवारच्या चॅपलसाठीचा नाही, घाईत बांधलेला दिसत होता. “डॉक्टर ठीक आहेत ना?” त्याने विचारलं. “आज आल्या नाहीत. कधी चुकत नाहीत.” मग माझ्या खांद्यावरून त्याने आत पाहिलं. सगळे गंभीर, मांडीवर बशा घेऊन बसलेले. “कोणी गेलं का?”

मी काही बोलायच्या आत समीर उठून दाराशी आला. “तो पब तुझाच ना?” तो इंग्रजीत म्हणाला. “माझ्या आईला सकाळी दारू देणारा तूच का?”

ह्यूला समजायला वेळ लागला. त्याने खोलीतल्या एकेकाकडे पाहिलं, शेवटी डॉक्टरबाईंकडे. त्यांनी त्याच्याकडे बघून मान हलवली. नाही, अशी.

“त्यांनी माझ्याकडे थेंबसुद्धा घेतलेला नाही,” ह्यू म्हणाला. “मी घेत होतो.”

“ह्यूभाऊ,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

“नाही, डॉक्टर, सांगू द्या.” तो दारातच उभा राहून बोलला, चटईच्या आत पाय ठेवला नाही. उन्हाळ्यात एका शनिवारी तो बादली घेऊन रस्ता ओलांडत होता आणि अर्धं पाणी वाटेतच सांडलं. दगडाला ठेच लागली, असं त्याने सांगितलं. डॉक्टरबाईंनी त्याच्या हातांकडे पाहिलं, बादली काढून घेतली आणि विचारलं, “सकाळी किती वाजता सुरू करतोस?” उपदेश केला असता तर तो उखडला असता. नुसती वेळ विचारली, म्हणून तोंडातून निघून गेलं. उठल्यावर लगेच.

सोमवारी त्या त्याला दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथल्या डॉक्टरने औषधं दिली, मार्चपर्यंतच्या तारखा दिल्या. अकरानंतर बारमन असतो, गिऱ्हाईकं असतात, त्यांच्यासमोर तो प्यायचा नाही. त्याचं जे काही होतं ते सकाळचं. एकटा, समोर सगळ्या बाटल्या, आणि दारं बंद. त्या सकाळी डॉक्टरबाईंनी घेतल्या. बारमन येईपर्यंत त्या बसायच्या.

“आम्ही पत्ते खेळतो,” ह्यू म्हणाला. “त्या लबाडी करतात.”

“अजिबात नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

डॉक्टरबाई उठल्या, आणि मी त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. “कशाला बोललास?” त्या इंग्रजीत म्हणाल्या. “ते तुझं होतं. या लोकांचा काय संबंध? उद्या सगळ्या गावाला माहीत होईल.”

“होऊ दे,” ह्यू म्हणाला. “तुमच्या मुलाच्या हातात तुमची बॅग आहे, डॉक्टर.”

खरंच होती. समीरने ती कधी उचलली होती हे त्यालाही ठाऊक नसावं. त्याने ती खाली ठेवली.

“आम्हाला फक्त काळजी वाटली,” मिसेस अध्यक्ष म्हणाल्या.

“हो ना बाप्पा,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “काळजी तं दिसली.” आणि ह्यूला आत बसवून त्यांनी त्याच्यापुढे पोह्यांची बशी ठेवली. अध्यक्षांनी दुसऱ्यांदा पोहे घेतले आणि शहरातल्या पार्किंगविषयी बोलायला सुरुवात केली. त्यांचं चुकलं असं ते म्हणाले नाहीत, पण पार्किंगविषयी ते इतक्या वाईट चेहऱ्याने बोलले की पोचलं.

ह्यू निघाला तेव्हा समीर त्याला फाटकापर्यंत सोडायला गेला. मी खिडकीतून पाहत होते. दोन मिनिटांत परत येईल असं वाटलं, पण ते दोघं गाडीला टेकून उभेच राहिले. पाऊस सुरू झाला तरी हलले नाहीत. बोलत समीर होता. ह्यू ऐकत होता. शेवटी ह्यूने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि उतारावरून निघून गेला. समीर आत आला, ट्रॅफिक फार आहे म्हणाला, आणि तेवढ्यावर त्या दिवशी राहिला.

संध्याकाळी स्वयंपाकघरात मी भांडी पुसत होते. डॉक्टरबाई विसळून देत होत्या.

“आज गाडीतून उतरला तेव्हा पेपरमिंट चघळत होता,” त्या नळाकडे बघत म्हणाल्या. “सकाळी. इतक्या लांबून गाडी चालवत आला.”

मला आधी कळलंच नाही त्या कोणाविषयी बोलतायत.

“केव्हापासून?” मी विचारलं.

“घटस्फोट झाला तेव्हापासून पाहून राहिली.”

“मग तुम्ही बोलत का नाही? ह्यूला बोललात.”

“ह्यू माझा कोण? त्याला मी वेळ विचारली, त्यानं सांगितली. याला विचारलं तं हा आधी मुलगा होते. मुलगा आईला खरी वेळ सांगत नाही.” त्यांनी पातेलं माझ्या हातात दिलं. “त्याला म्हणू नको मी काही बोलली म्हणून.”

मी आता एडिनबराला असते. ह्यू अधूनमधून फोटो पाठवतो. तो एकदा घसरला, वाढदिवसाला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई नेहमीच्या वेळेला जाऊन बसल्या आणि त्यांनी पत्ते पिसले. मंडळाने पुढच्या दिवाळीचं आमंत्रण छापील पाठवलं, घरी आणून दिलं. त्या गेल्या, आणि आपलं टेबल बारच्या शेजारीच लावलं. पण मला त्यांची आठवण येते ती त्या रविवारनंतरच्या शनिवारची.

टेबल काढायला म्हणून मी सकाळीच पबमध्ये गेले होते. खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवलेल्या, जमीन नुकती पुसलेली, कालच्या बिअरचा आंबूस वास. खिडकीपाशी डॉक्टरबाई आणि ह्यू. मध्ये चहाची किटली. डॉक्टरबाईंनी दोघांना पानं वाटली होती आणि त्या आपली लावत होत्या.

बाजूच्या दारावर कोणीतरी वाजवलं. ह्यूने जाऊन उघडलं.

समीर होता. खांद्यावर एक छोटी बॅग, दाढी वाढलेली, पहाटेच्या ट्रेनने आलेला. त्याने आईकडे पाहिलं नाही. ह्यूकडे पाहून म्हणाला, “तू ये म्हणाला होतास.”

“म्हणालो होतो,” ह्यू म्हणाला आणि एक खुर्ची टेबलावरून उतरवून खाली ठेवली.

डॉक्टरबाईंनी मान वर केली नाही. हातातली पानं खाली ठेवली, ह्यूची उचलली, सगळी एकत्र केली, पिसली. पान एकही पडलं नाही. मग तिघांना वाटायला लागल्या.

समीर हळूच बसला. आपल्यापुढे साचत चाललेल्या पानांकडे बघत राहिला.

“मला ही खेळ येत नाही,” तो म्हणाला.

“येईल,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “सकाळ मोठी असते.”